श्रमाच्या नावावर

सरवटे स्टँडवर कंडक्टर म्हणाला, कहाँ का?
मी म्हटलं सिमरोल, मग म्हटलं सिमरोलच्या अलीकडे,
त्या पिंपळापाशी, हात केला की थांबता ना तुम्ही.
आश्रमवाली हो? माझ्या मरून कोटाकडे पाहत
त्यानं तिकीट फाडलं.
उत्तराला थांबला नाही, बरं झालं.

भंवरकुआं गेलं, कोचिंग क्लासच्या पाट्या गेल्या,
तेजाजी नगर मागे पडलं आणि गहू लागला,
हरभरा, मग लसूण, बंद काचेतूनही येणारा.
पुण्यातल्या फ्लॅटच्या किल्ल्या परत केल्यात.
अनामत रक्कम अजून यायची आहे.

पुण्यात अकरा वर्षं मी श्रेया होते.
सोपं होतं, एक अक्षर बदलायचं.
आमच्याकडे नावं व्रतासारखी ठेवायचे:
अभय, निर्भय, श्रमा,
आणि एक बिचारा अपरिग्रह,
ज्याची पेन्सिल सगळे पळवायचे
आणि ज्याला तक्रार करायची सोय नव्हती.

रंगीत कापड नाही. घाण्याला मोटर नाही.
लग्नात वाजंत्री नाही, सुताचा हार तेवढा.
एकोणिसाव्या वर्षी हे सगळं मला
लहान झालेल्या चपलेसारखं चावायला लागलं.
निर्भय बैलाच्या डोळ्यांना झापड बांधत होता.
मी म्हटलं, चालले मी.
तो म्हणाला, बस सव्वानऊला आहे.
आणि याचं नाव निर्भय!

चाळीस घरांची आता अकरा उरलीत.
एक सोलर दिवा आलाय, सहा विरुद्ध पाच मतांनी,
आणि ते पाच जण अजून त्याच्या उजेडात बसत नाहीत.
बाबांना ऐकू कमी येतं, पण माझं नाव
त्यांनी पहिल्या हाकेला ऐकलं.
निळूताई म्हणाली, कधी आली तू?
जेवली का? चल, गराडू तळून राहिलेय.
कुणीच विचारलं नाही, किती दिवस.

रात्री गोधडी आणायला भांडारात गेले
तर फळीवर ती सूतवही, तीच, पाठीला खळ लावलेली.
पहिल्या पानावर लाल शाईत नियम:
सालभर ज्याचे सूत जमा नाही त्याचे नाव वगळावे.
माझं कुठल्या साली वगळलं ते बघावं म्हणून
पानं उलटत गेले.
अभयवर काट. अपरिग्रहवर काट, तो कॅनडात असतो.
श्रमा: चार गुंड्या.
पुढचा महिना, श्रमा: चार गुंड्या.
ज्या महिन्यात मी बाणेरला साखरपुडा केला
त्याही महिन्यात चार,
ज्या महिन्यात मोडला त्या महिन्यात
पाच.

पेटीतली एक गुंडी काढून दिव्याखाली धरली.
जाड, बारीक, पुन्हा जाड,
गाठींवर गाठी, हे काही बाईच्या हातचं नव्हे,
निदान माझ्या तरी नव्हे.
नाकाला लावली.
तिळाचं तेल.

सकाळी घाण्यापाशी गेले. बैल नवा होता, झापड जुनी.
निर्भयच्या कानांवर केस पिकलेत.
मी वही पुढे धरली. अकरा वर्षं?
त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
बैल फिरत असतो तेव्हा
हात रिकामेच असतात, म्हणाला.
आणि ती पाचवी?
यावर तो पेंड खरवडायला लागला,
नको तितकी, लाकूड दिसेपर्यंत.

मी लाटेच्या चकरा मोजत उभी राहिले,
सात, आठ, मग मोजणं सुटलं.
कोट काढून खुंटीला अडकवला,
तिथं त्याचा पंचा होता, तो जरा सरकवून.

या महिन्याचं बाकी आहे, तो म्हणाला.
दोन झाल्यात. उरलेल्या दोन…
आणि खिशातली टकळी
तेलकट हातानंच पुढे केली.

तार पहिल्याच फेऱ्याला तुटला.